रेक्स बिगोनियाची पानं लोळताहेत, काय करू?

गच्ची_पूर्वेची: नमस्कार. पावसाळ्यात नर्सरीतून रेक्स बिगोनिया आणला. चंदेरी पानं, कडेला वांगी रंग. दिवाळीपासून एकेक पान देठाशी मऊ पडून कुंडीच्या काठावर लोळतंय. दोन पानांवर पांढरी पूडही दिसते. पुण्यात राहते, कुंडी पूर्वेच्या खिडकीत आहे. बारा इंची कुंडी, लाल माती आणि शेणखत, रोज सकाळी पाणी. पानं मलूल दिसली की संध्याकाळीही थोडं घालते. गावाकडचा गुलाबी फुलांचा बिगोनिया अंगणातल्या उन्हातसुद्धा फुलतो, मग यालाच काय झालंय?

हिरवा_कोपरा: खत कमी पडत असेल. चमचाभर डीएपी घालून बघा.

कातळफूल: डीएपी नको हो! मुळं सडायला लागलेली असताना खत घातलं तर उरलीसुरलीही जातील.

ताई, गावाकडचा तो मेणचट पानांचा बिगोनिया, सकाळचं ऊन आरामात सोसतो. रेक्सचं घराणं निराळं. त्याचा मूळ पुरुष आसामच्या जंगलातला, १८५०च्या दशकात ऑर्किडच्या मालाबरोबर इंग्लंडला पोचलेला. मातीलगत आडवा सरपटणारा जाड कंद असतो ना, त्याची मुळं जेमतेम वरच्या थरात पसरतात. बारा इंची कुंडीत खालची सगळी माती ओलीच राहते, ते पाणी प्यायला तिथे कुणी नाही.

पावसाळ्यात माथेरानला किंवा भीमाशंकरला गेलात तर कातळाच्या उभ्या भिंती जवळून बघा. शेवाळाच्या बोटभर थरात आपला सह्याद्रीतला बिगोनिया क्रेनाटा उभा असतो. फिकट गुलाबी फुलं, पानाची एक बाजू मोठी, एक लहान. मादीफुलाच्या मागे तीन पंखांचं बीजकोश दिसतं, नरफुलाला ते नसतं. दगडावरून पाणी सतत झिरपतं, पण थांबत नाही. पाऊस संपला की वरचं सगळं वाळतं, कंद तेवढा कातळाच्या फटीत राहतो. मी दरवर्षी हे बघायला जाते आणि घरच्या कुंड्या तशाच भरते.

आता एवढंच करा: रोप उपसा आणि कंद बोटाने दाबून बघा. टणक की लिबलिबीत?

गच्ची_पूर्वेची: दाबला. मागचा अर्धा भाग तपकिरी, मऊ, वास येतोय. पुढचं टोक टणक आहे, त्यावर दोन छोटी पानं आहेत.

कातळफूल: मग रोप वाचलंच म्हणायचं. स्वच्छ सुरीने टणक भागापर्यंत कापा. कापलेली जागा आतून फिकट दिसायला हवी, तपकिरी ठिपका असेल तर अजून थोडं कापा. दिवसभर सावलीत सुकू द्या. मग पसरट, चार इंची कुंडी घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (पांढरे, हलके खनिजाचे दाणे) आणि चाळलेलं पानकुजीचं खत सारख्या भागांनी, लाल माती अजिबात नको. कंद गाडू नका, वरच टेकवा. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी, तेही कडेकडेने. थंडीत वाढ मंदावते, एखाददुसरं पान गळलं तर घाबरू नका.

पांढरी पूड म्हणजे भुरी, आपल्या द्राक्षवाल्यांना छळते तसलीच. ती पानं काढून टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, वारा खेळू द्या. तरी पसरली तर पाण्यात मिसळणारं गंधक, पण आधी एकाच पानावर फवारून दोन दिवस वाट बघा. रेक्सचं पान नाजूक, डाग पडतात.

आणि एक निरोगी पान हाताशी ठेवा. मागच्या जाड शिरा ब्लेडने चार ठिकाणी छेदा, पान ओल्या कोकोपीटवर पालथं न घालता सरळ पसरा, छेदांवर छोटे खडे ठेवा. वर पारदर्शक डबा झाका. दीड-दोन महिन्यांत प्रत्येक छेदातून नखाएवढी पानं डोकावतात, केसाळ आणि गुलाबीसर. मला हे बघण्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

हिरवा_कोपरा: डीएपीचं मागे घेतो. उन्हाळ्यात माझ्याकडे पानांच्या कडा करपतात, त्याला काय?

कातळफूल: एप्रिल-मेची कोरडी हवा. ताटलीत खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा, बूड पाण्यात बुडू देऊ नका. पानांवर पाणी मारत बसू नका, आणि एसीच्या झोतातून हलवा. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर, कंद त्यांना बाधतो.