बेलग्रेडला टिटोंच्या समाधीसाठी वेळ काढावा का?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामासाठी मे च्या शेवटी बेलग्रेडला जायलोय, त्यात एकच दिवस मोकळा आहे. तिथं युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो यांची समाधी आहे, फुलांचं घर म्हणतात तिला. आमचे आजोबा नेहरू, नासर, टिटो ही तीन नावं एका दमात घ्यायचे त्यामुळं जावंसं वाटतंय, पण मित्र म्हणतोय अरे तो युगोस्लाव्हिया देशच शिल्लक नाही, तिथं काय बघणार. मला तेच विचारायचंय, देश फुटला, आपापसात लढाया झाल्या, तरी तिथं लोक येतात ते कशासाठी? कोण जाऊन आलंय का?

निपाणीकर काका:
जा बाळा, नक्की जा. मी मुलीकडं गेलो होतो तेव्हा बघितलंय. मोठं काही असेल म्हणून गेलो तर काचेच्या छताची साधी इमारत, 1975 ला बागेसारखी बांधलेली, टिटो तिथं बसून काम पण करायचे. मधे पांढऱ्या संगमरवराची समाधी, त्यावर फक्त नाव आणि 1892-1980. पदवी नाही, मार्शल नाही, काही नाही. बाजूला बायकोची, योवांका यांची समाधी, त्या 2013 ला गेल्या.
पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो बॅटनपाशी. 25 मे ला त्यांचा वाढदिवस साजरा व्हायचा, त्यासाठी देशभरातून पोरं रिले पळत बॅटन आणायची, तसले 22 हजाराच्या वर बॅटन तिथल्या म्युझियमकडं आहेत. कारखान्यातल्या कामगारांनी, शाळेतल्या पोरांनी स्वतः केलेले, कोणी लाकडाचा, कोणी धातूचा. मी बिडी कामगारांच्या घरातला माणूस, हाताचं काम बघितलं की पाय हलत नाही.
आणि स्थानिक लोक येतात रे. 4 मे ला पुण्यतिथी आणि 25 मे ला म्हातारी माणसं लाल फुलं घेऊन येतात, सर्बियातलीच नाही तर बोस्निया, स्लोव्हेनियातून पण.

येळ्ळूरकर:
काका तुमचं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. 1948 ला टिटोंचं रशियाच्या स्टालिनशी फाटल्यावर ज्यांच्यावर रशियाच्या बाजूचा असल्याचा संशय आला त्यांना गोली ओतोक बेटावर टाकलं, दगड फोडायला लावले, मारहाण झाली. ज्यांच्या घरातला माणूस तिथं गेला ते फुलं घेऊन येतील काय? समाधी बघ, पण हे वाचून जा.

निपाणीकर काका:
खरं आहे, ते मी लिहायला पाहिजे होतं. तरी एक सांगतो, 4 मे 1980 ला स्प्लिटला हायदुक आणि रेड स्टारची फुटबॉल मॅच चालू असताना टिटो गेल्याची बातमी आली तर मॅच थांबवली, खेळाडू मैदानातच रडले. एक क्रोएशियाची टीम, एक सर्बियाची. पुढं 11 वर्षांत तेच देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे. म्हणून मला वाटतं ती म्हातारी माणसं टिटोंसाठी कमी आणि ते एकत्र रडले त्या दिवसासाठी जास्त येत असतील.

टिळकवाडी:
याला जोडून बल्गेरियाची राजधानी सोफियाचं सांगतो. तिथं 1949 ला त्यांचा कम्युनिस्ट नेता दिमित्रोव्हची समाधी सहा दिवसांत उभी केली, सरकारने. 1999 ला सरकारनेच सुरुंग लावून पाडली, पहिल्या स्फोटात ती पडली पण नाही. बेलग्रेडची मात्र अजून आहे, लोकं येतात.
आता आपलं बघा. बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक बांधकाम म्हणून केवढंसं, पण 1986 च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांसाठी दर 1 जूनला माणूस येतोच, पाऊस असला तरी येतो. लहानपणी बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे. गेल्या वर्षी माझ्या पोराला विचारलं येतोस काय, तर म्हणाला कशाचं आहे ते? चूक त्याची नाही, मी घरी कधी बसून सांगितलंच नाही. ते मला फार लागलंय.

खानापूरकर:
काका, अण्णा, सगळ्यांचे आभार. मोकळा दिवस मागून 25 मे च घेतलाय, फुलं घेऊन जातो, आणि गोली ओतोकचं पण वाचतो. परतीचं विमान 30 ला केलंय. टिळकवाडी अण्णा, 1 तारखेला सकाळी तुमच्या पोराला आणा, मी पण माझ्या पुतण्याला घेऊन हिंडलग्याला येतो.

टिळकवाडी:
आणतो. आज रात्रीच त्याच्याजवळ बसतो.