नवे पिस्टन हलके निघाले, क्रँक पुन्हा बॅलन्स करायचा का?

प्रश्न:
चार सिलिंडरचं, सरळ रांगेतलं पेट्रोल इंजिन खोललंय. सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठे करून) ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन आणले. गजन पिनसकट (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) जुने चारही प्रत्येकी ४१८ ग्रॅम भरले. नवे ४०२, ४०३, ४०२ आणि ४०६. क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणारा दांडा) हात न लावता इंजिन बांधलं तर चालेल का? हे इंजिन पहिल्यांदा वडिलांनी बांधलं होतं, त्यामुळे घाई करायची नाहीये.

उत्तर:
क्रँक आहे तसा राहू द्या. चारी वजनं सारखी करा, बास.

उत्तर:
वरचं बरोबर आहे. १ आणि ४ नंबरचे पिस्टन वर जातात तेव्हा २ आणि ३ खाली येतात, त्यामुळे चौघंही सारखेच हलके झाले तर तोल ढळत नाही. एका सिलिंडरच्या किंवा व्ही-आठ इंजिनात मात्र क्रँकचं काउंटरवेट (तोल साधणारं वजन) पिस्टनचं वजन धरून ठरवलेलं असतं. तिथे असं करू नका.

तुमची अडचण तो ४०६ वाला. आधी पिना आपसांत बदलून बघा, थोडा फरक तिथेच मिटू शकतो. उरलेलं पिनच्या बॉसच्या (पिन बसते तो जाड भाग) खालून, आतल्या बाजूने घासा. माथ्याला आणि रिंगांच्या खाचांना हात लावायचा नाही. एका ग्रॅमच्या आत आणाच.

रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) तोलताना नुसतं एकूण वजन बघू नका, हे मी कळकळीने सांगतोय. एक टोक टांगून दुसरं काट्यावर ठेवा, मग उलट करा. मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली होतं, म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी जुळवावी लागतात. ४० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम जास्त राहिले तर ६००० आरपीएमला जवळजवळ १६ किलोची ओढ बसते.

प्रश्नकर्ता:
आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक)? क्लच नवा टाकतोय.

उत्तर:
मग क्रँक, फ्लायव्हील आणि नवी प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारी) एकत्र मशीनवर तपासून घ्या आणि सुटे करण्याआधी खुणा करा. मी एकदा खूण न करताच जुनी प्लेट काढली. इंजिन बांधलं तर ३००० च्या आसपास थरथर, न्यूट्रलमध्येसुद्धा, म्हणजे चाकांचा दोष नव्हता. गिअरबॉक्स दोनदा उतरवला, प्लेट फिरवून बसवली, तेव्हा थरथर गेली.

वरच्या आरपीएमला बारीक गुणगुण राहिलीच तर पुन्हा खोलू नका. ती क्रँकच्या दुप्पट गतीने येते, वजनं जुळवून जात नाही. तिच्यासाठी बॅलन्स शाफ्ट (ती थरथर मारणारा वेगळा फिरता दांडा) लागतो.