मोडी फारखत: ‘हरी बाबाजी’ वाचायचं की ‘हरीबा बाजी’?

परळकर
वंशावळ लावण्यासाठी रत्नागिरीकडच्या मूळ गावचे मोडी कागद वाचतोय. मोडीची बाराखडी येते, छापील मोडी अडखळत वाचता येतं, हाताचं लिखाण मात्र लागत नाही. सध्या अडलोय ते दोन बंदांच्या (पानांच्या) एका फारखतीवर, म्हणजे हक्क सोडल्याच्या कागदावर. शकाचा शेवटचा आकडा घडीवर फाटलाय: ‘शके १७५’ एवढं दिसतं, पुढे ‘विरोधी नाम संवत्सरे मार्गशीर्ष वद्य ७’. मधल्या ओळीत ‘हरीबाबाजी’ असं सलग आहे. हा बाबाजीचा हरी की बाजीचा हरीबा? त्यावर वंशावळीतली अख्खी फांदी बदलते. एका ठिकाणी २५ च्या पुढे एक उभी काठी आणि तीन आडव्या रेघा आहेत, ती रक्कम कशी वाचायची? ‘मा।र’ म्हणजे काय? शिवाय फोटो काढला की मागच्या पानाची शाई पुढे दिसते. मुंबईत कागद कुठे दाखवता येईल?

बोरूबहाद्दर
शक आधी सोडवू, तो सगळ्यात सोपा. संवत्सरं साठ. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक (प्रभव १, बाकी शून्य आली तर साठावं क्षय). विरोधी तेविसावं. १७५० ते १७५९ मध्ये बाकी २३ येते ती फक्त १७५१ ला: १७६३ भागिले ६०, बाकी २३. म्हणजे शके १७५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्या जानेवारी ओलांडतात तेव्हा ७९ धरावे लागतात. मार्गशीर्ष वद्य ७ इथे डिसेंबर १८२९ मध्येच पडते. नेमकी तारीख जंत्रीतून (जुन्या तिथी-तारखांच्या कोष्टकातून) काढा आणि कागदात वार दिला असेल तर तो जुळतोय का पाहा. वार जुळला नाही तर तिथीचा आकडा चुकीचा वाचलाय असं समजून परत बघा, ५ आणि ७ ची गल्लत लपेटीत (भरभर, वळणदार लिखाणात) होते.

तुमच्या कागदात शक आहे म्हणून निभावलं. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन (तेव्हाची एक वेगळी वर्षगणना) असतो आणि तोही अरबी शब्दांत: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. एकं आधी, हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हा सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारी १७६१ चं, ते याच ११६१ मध्ये बसतं. फसली सनाला (महसुलाच्या वर्षगणनेला) असेच ५९० किंवा ५९१. सुहूर आणि फसलीत गोंधळ झाला की माणूस नऊ वर्षं आधी जन्मतो किंवा मरतो, आणि मग बापापेक्षा मुलगा मोठा निघतो.

रक्कम: रुपयाचे १६ आणे. उभी काठी म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन काठ्या आठ, तीन बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा. तुमचं २५।≡ म्हणजे पंचवीस रुपये सात आणे. काठीला १ समजून ‘२५१’ वाचणं ही नेहमीची चूक. भाताच्या आकड्यात हीच काठी पाव खंडी होते, म्हणजे ५ मण. तेव्हा आकडा रोख आहे की धान्य, हे आधी ठरवा. पण काठी आकड्याला लागून असेल तरच अपूर्णांक, अक्षराला लागून असेल तर तो संक्षेप. ‘मा।र’ मजकूर (म्हणजे ‘वर सांगितलेला’), ‘पा।’ परगणे, ‘चि॥’ चिरंजीव. ‘ता।’ जागेनुसार तर्फही असतो आणि तालुकाही. यादीत नावाच्या जागी ‘कित्ता’ दिसलं तर ‘वरीलप्रमाणे’ समजा. कित्ता नावाचे पूर्वज काही वंशावळींत आढळतात!

रुमाल_सोडा
नावाबद्दल. मोडीत शब्द तोडत नाहीत. रेघ आधी पानभर ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायची, त्यामुळे ‘हरी बाबाजी’ आणि ‘हरीबा बाजी’ कागदावर हुबेहूब सारखेच दिसणार. त्या ओळीकडे कितीही टक लावलीत तरी उत्तर मिळणार नाही. तेच नाव त्याच कागदात दुसरीकडे कुठे आलंय ते शोधा.

आधी ‘बिन’ (म्हणजे ‘चा मुलगा’) पाहा. फारखतीत लिहून देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नावं सुरुवातीला बापाच्या नावासकट येतात. तिथे ‘हरीबिनबाबाजी’ आहे की ‘हरीबाबिनबाजी’? बाई असेल तर ‘कोम’ येतो आणि त्यापुढचं नाव नवऱ्याचं असतं. हे माहीत नसल्यानं कोमपुढचा माणूस बाप म्हणून वंशावळीत चढतो.

‘बिन’ सापडला नाही तर विभक्ती. ‘हरीस’ की ‘हरीबास’, ‘हरीने’ की ‘हरीबाने’? मजकुरात कुठेतरी कोणाला तरी काहीतरी दिलेलं असतंच, तिथे प्रत्यय नाव तोडून देतो. शेवटी निशाणी पाहा. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर असते आणि तिच्याजवळ लिहिणाऱ्यानं नाव पुन्हा लिहिलेलं असतं.

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आधाराला घेऊ नका. तिच्यामुळेच घोटाळा वाढतो: बाबाजीचा हरी, हरीचा बाबाजी, त्याचा परत हरी. दोन कागदांतला ‘हरी बाबाजी’ एकच, असं शक जुळल्याशिवाय म्हणू नये.

आणखी एक. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद मोडीत पाळत नाहीत, अनुस्वार बहुतेक वेळा गाळतात. ‘पाडुरग’ हा पांडुरंग, ‘गगाबाई’ ही गंगाबाई. लिप्यंतर करताना कागदात आहे तसंच लिहा, दुरुस्त रूप शेजारी वेगळ्या रकान्यात. सगळं एकदमच ‘शुद्ध’ केलंत तर मूळ काय होतं ते पुढे तुम्हालाच कळणार नाही.

परळकर
‘बिन’ सापडला, पहिल्या बंदाच्या चौथ्या ओळीत. पण नेमकं त्याच्या आधीचं अक्षर ‘री’ आहे की ‘बा’, तेच लागत नाही.

बोरूबहाद्दर
मग त्या कारकुनाच्या हाताचा तक्ता करा. पुस्तकातला तक्ता इथे कामाचा नाही, काना-वेलांटी लागली की मोडी अक्षराचं रूप बदलतं आणि र तर शेजाऱ्याप्रमाणे वळतो. ज्या शब्दांबद्दल शंकाच नाही तिथून सुरुवात करा: ‘शके’, ‘संवत्सरे’, ‘मार्गशीर्ष’, ‘फारखत’, ‘लिहून दिल्हे’, गावाचं नाव. फोटोतून ती अक्षरं कापून वहीत जोडीजोडीनं लावा. ‘री’ हवी तर महिन्याच्या नावातला रफार नको, ‘तारीख’, ‘सरकारी’ अशा शब्दांतली शोधा. ‘बा’ला ‘बाबत’, ‘बाकी’ चालतील. तीन-चार नमुने झाले की अडलेलं अक्षर शेजारी ठेवून पाहा. लेखणी कुठून उतरली आणि कुठे वर गेली ते बघा, नुसता आकार फसवतो. कागदाच्या शेवटी हात थकतो आणि वळण सैल होतं, म्हणून नमुने शक्यतो पहिल्या बंदातलेच घ्या.

काळाघोडा_कट्टा
फोटोचं: पानाखाली काळा कागद ठेवा, मागची शाई बरीच दबते. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड एका बाजूनं, मोबाईल पानाला समांतर. बोरूचा ओरखडा किंवा घडीतलं अक्षर हवं असेल तर उजेड अगदी तिरपा घ्या. स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआय. फोटो कृष्णधवल करण्याआधी लाल, हिरवा आणि निळा चॅनल वेगवेगळे बघा, कुठल्या तरी एकात फिकट शाई उठून दिसते.

घडी जबरदस्तीनं उलगडू नका. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. काजळीची शाई पाण्यानं फुटते, तेव्हा ओल्या हातानं किंवा ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर बुरशी धरेल, सुती कापडात बांधा.

दाखवायचं तर फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. मोडीचे प्रशिक्षण वर्गही हा विभाग घेतो. वंशावळ घरापुरती असेल तर तुमचं वाचन पुरे. जात पडताळणीला किंवा कोर्टात लावायची असेल तर शासनमान्य मोडी वाचकाचं सही-शिक्क्याचं लिप्यंतर लागेल. त्यांना मूळ कागद आणि तुमचा अक्षरांचा तक्ता दोन्ही दाखवा, पण ‘हरी’ की ‘हरीबा’ हे आधी सांगू नका.