हर्णैचा सूर्यास्त: किती कॅमेऱ्यात, किती एडिटिंगमध्ये?

खाडीकाठ
हर्णै बंदरावर संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून फोटो काढले की आभाळ पांढरंफटक येतं आणि होड्या काळ्याठिक्कर. जेपीजीत सावल्या उजळल्या तर होड्यांवर रंगीत दाणे उठतात, आभाळात पट्टे पडतात. हे एडिटिंगने सुटेल, की फोटो काढतानाच चुकतंय?

जांभ्याचा_चिरा
पांढरं झालेलं आभाळ परत येत नाही. तिथे सेन्सर भरून गेलेला असतो. स्लायडर ओढून फक्त राखाडी डाग मिळतो. पट्ट्यांचं कारण जेपीजी: ८ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) १६,३८४. आभाळाचा सलग उतार ताणला की थोड्या पायऱ्या लगेच उघड्या पडतात.

रॉ लावा, आयएसओ १००, हायलाइट अलर्ट (जळालेला भाग पडद्यावर लुकलुकवणारी सूचना) चालू. सूर्याची चकती सोडून बाकी आभाळ लुकलुकायचं थांबेपर्यंत एक्स्पोजर उतरवा, मग घरी होड्या उजळा. दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) सहज उजळता येतात. चार स्टॉप उचलले तर दाणे येणारच, कारण त्या भागात मुळात प्रकाशच थोडा पोचलेला असतो. आणि पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातल्या जेपीजीच्या रंगांची सेटिंग) न्यूट्रल ठेवा. पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, कॅमेऱ्यातल्या जेपीजीवरून बनतो, भडक स्टाइलमध्ये तो आभाळ जळाल्याचं उगाच आधी दाखवतो.

दर्यावारा
कमी-जास्त उजेडाचे तीन एक्स्पोजर काढून एकात जोडायच्या फंदात इथे पडू नका. नांगरलेली होडी डुलत असते, डोलकाठी तीन ठिकाणी उमटते.

लेन्सही बघा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर चिकट थर बसतो, सूर्य समोर असला की सगळं चित्र धुरकट होतं. एडिटिंगमधलं डीहेझ (धुरकटपणा काढायचा स्लायडर) वाढवलं तर धुरकटपणाबरोबर दाणेही वर येतात. आधी ब्लोअरने वाळू उडवा, नाहीतर फडक्याखाली तीच काच ओरखडते. मग लेन्सच्या द्रवाने ओलसर केलेलं मायक्रोफायबर फिरवा.

जांभ्याचा_चिरा
पावसाळ्यातल्या भातशेतीचं एक सांगतो. ओल्या पानांवरची चकाकी म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब. खालचा हिरवा रंग त्याखाली दबतो, आणि जो सेन्सरपर्यंत आलाच नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. ही चकाकी लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावून, तो फिरवूनच काढा. एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो, तेवढा शटर मंद करा. सॅच्युरेशन सरसकट चढवू नका: शेत भगभगीत पोपटी होतं आणि तांबड्या मातीचा लाल चॅनेल भरून पोत सपाट पडतो. भाताचा हिरवा बराचसा पिवळ्याच्या स्लायडरमध्ये असतो, तोच थोडा उतरवा.

खाडीकाठ
म्हणजे एडिटिंगने हात बिघडतो म्हणतात, ते?

दर्यावारा
प्रत्येक फोटोत तोच स्लायडर त्याच बाजूला ओढावा लागत असेल तर ती सवय कॅमेऱ्यात दुरुस्त करा. क्षितिजाचंच बघा: ३ अंश तिरकी समुद्ररेषा सरळ केली की २४ मेगापिक्सेलचे जेमतेम २१ उरतात, आणि कोपऱ्यातली होडी कापली जाते. व्ह्यूफाइंडरमधली ग्रिड चालू करा.