एस्चीट म्हणजे आम्ही चीट?

मलप्रभाकाठ:
मंडळी, एका इंग्रजी शब्दाला अडलोय. खानापूर तालुक्यात काकांची सव्वा एकर भातजमीन आहे. काका बिनलग्नाचे गेले, मृत्युपत्र नाही. आजी-आजोबा आणि बाबा त्यांच्या आधीच गेले, आत्या नाही. आम्ही दोघे पुतणेच उरलो. उताऱ्यावर नावं चढवायची म्हणून वकिलाचं मत घेतलं. कन्नड उतारा मी घडाघडा वाचतो, पण वकिलाच्या इंग्रजी कागदात शेवटी आहे, 'नो क्वेश्चन ऑफ एस्चीट अरायझेस'. बायको म्हणते, "चीट? पैसे मोजून वर आपल्यालाच लबाड म्हणवून घेतलंत?"

बॉण्डरायटर:
शिवी नाही हो, ही तर चांगली बातमी! वारस कोणीच नसला की मालमत्ता सरकारजमा होते, तिला एस्चीट म्हणतात. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २९. त्यातही सरकारला नुसती जमीन मिळत नाही, मयताचं देणंही गळ्यात येतं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं, बायकोपोरं नाहीत म्हणजे वारस नाही. अहो, पुतणे-भाचे दुसऱ्या वर्गाचे वारस आहेत. तेही नसले तर लांबचे भाऊबंद, मग बायकांकडून जोडलेले नातेवाईक. एवढी सगळी चाळण रिकामी निघाली तरच सरकार.

कॅम्पातली बाई:
वहिनींचा कान मात्र तिखट आहे! इंग्रजीतला 'चीट' या एस्चीटपासूनच आलाय. मूळ लॅटिन अर्थ गळून पडणं. सरंजामी इंग्लंडात निर्वंश कुळाची जमीन धन्याकडे परत जायची, ती ताब्यात घेणारा अधिकारी म्हणजे एस्चीटर. या लोकांनी इतकी लबाडी केली की शब्दाचं शेपूट तुटून त्याचा अर्थच फसवणं झाला. उच्चारताना जोर 'चीट'वर. क्रियापद म्हणूनही चालतो: जमीन सरकारकडे एस्चीट झाली.

बैलहोंगलचा:
मग १८२४ ला आमच्या कित्तूरचं दत्तक नाकारून कंपनीनं केलं ते एस्चीटच की!

बॉण्डरायटर:
त्याला 'लॅप्स' म्हणायचे, राज्य खालसा होणं. पण शब्द शेजारीशेजारीच आहेत, राज्यघटनेच्या कलम २९६ मध्ये दोन्ही एका ओळीत सापडतील. आणि कित्तूरला दत्तक मुलगा होता, म्हणजे वारस नव्हता हे कंपनीचं म्हणणं.

मलप्रभाकाठ:
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे मी बरोबरच होते." सोमवारी वंशवृक्षाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत जातोय. धाकट्या भावाचं आधार लागेल काय?

बॉण्डरायटर:
दोघांचं न्या. काकांचा मृत्यूदाखलाही.