‘घरबसल्या पीएचडी’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

आकडेमोड: काल इथे एका सरांनी लिहिलं, ‘दुय्यम सामग्रीवरचा (दुसऱ्यांनी आधीच गोळा केलेल्या माहितीवरचा) प्रबंध म्हणजे घरबसल्या पीएचडी. फिल्डवर जाल तरच संशोधन.’ वाचून राहवलं नाही. जनगणना, १८८४ चं सोलापूर गॅझेटियर, सरकारचं रोजगार मोजणारं श्रमबल सर्वेक्षण हे सगळं रद्दीत घालायचं का? सर्वेक्षणाची मूळ फाइल उघडून भारांक (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीनं धरायचं तो आकडा) लावायला, व्याख्या जुळवायला महिने जातात. आणि ओळखीच्या शंभर घरांतून प्रश्नावल्या भरून अख्ख्या महाराष्ट्रावर निष्कर्ष काढला की ते फिल्डवर्क!

कुंभारी रोड: तुमच्या फाइलीत माझी आई सापडते का सांगा. जन्मभर विड्या वळल्या तिनं. जनगणनेवाले आले, वडिलांना विचारलं, बायको काय करते? ‘घरीच असते.’ झालं, लिहिलं घरकाम. त्या तक्त्यावर तुम्ही सोलापूरच्या बायकांचं काम मोजणार?

आकडेमोड: हा गणकाचा दोष, सामग्रीचा नाही. श्रमबल सर्वेक्षणात वर्षातून ३० दिवस काम केलं तरी ‘दुय्यम स्थितीत’, म्हणजे वर्षातला थोडाच काळ काम करणारा, कामगार धरतात.

कुंभारी रोड: धरतात कधी? विचारलं तर! सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू. प्रश्न मराठीत, उत्तर नवऱ्याचं. पानं भिजवणं, कातरणं, वळणं, कारखान्यात माल देऊन येणं, हे सगळं त्याच्या लेखी ‘घरीच’. तुम्ही एकदा तरी आमच्याकडे चटईवर बसलात का?

सर (मूळ पोस्टवाला): तेच म्हणत होतो मी. आकड्यांना वास नसतो. तंबाखूचा खकाणा घरात गेल्याशिवाय कळत नाही.

मंगळवार पेठ: सर, फिल्डवर्कचं कौतुक पुरे. एका कॉलेजात मी डोळ्यांनी पाहिलंय, कँटीनमध्ये बसून दोघांनी गठ्ठाभर प्रश्नावल्या भरल्या. पेनं बदलून. गाइडनी सही केली. त्यापेक्षा जुनी जनगणना परवडली, निदान तिच्या चुका सगळ्यांना माहीत आहेत.

सर (मूळ पोस्टवाला): चोर आहेत म्हणून बाजार बंद करायचा का?

आकडेमोड: मग गणक चुकला म्हणून जनगणना बंद करायची का? तुमचाच न्याय तुम्हाला.

कुंभारी रोड: भांडा तुम्ही. आईचा रकाना रिकामाच.

आकडेमोड: ताई, एक मान्य करावं लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जिल्ह्याचे आकडे मिळतात, पण बायकांच्या कामाचे प्रश्न १५ टक्क्यांच्या आसपास घरांतच विचारले. ते राज्यापुरते वाचायचे, सोलापूरला लावता येत नाहीत. आमच्यातले बरेच जण लावतात, ते चूक आहे. पण हे मला कळलं ते पाहणीचा आराखडा वाचूनच, चटईवर बसून नाही.

कुंभारी रोड: बरं. आराखडा वाचा. पण त्या प्रकरणात लिहा, उत्तर कुणी दिलं ते. आणि पुढच्या वेळी प्रश्न तेलुगूत घेऊन या. आई बोलेल, वडिलांना मी बाहेर बसवते.