गोवा ट्रान्स आणि अ‍ॅम्बियंटच्या जुन्या सीडी: मूळ प्रेसिंग ओळखायचं कसं, रिप करायचं कसं, ओलीपासून जपायचं कसं?

खाडीकाठ

मंडळी, साधारण १९९४ ते २००५ या काळातल्या गोवा ट्रान्स (गोव्याच्या किनाऱ्यांवरून पुढे आलेलं ठोक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आणि अ‍ॅम्बियंटच्या (संथ, वातावरण उभं करणारं संगीत) सीडी जमवायला घेतल्या आहेत. लंडनची ड्रॅगनफ्लाय, टिप, ब्लू रूम आणि ट्विस्टेड, हॅम्बुर्गचं स्पिरिट झोन, ल्यों शहरातलं उल्तिमे, अशा लेबलांचा (संगीत कंपन्यांचा) आवाका ठरवला आहे.

प्रश्न असे. डिस्कॉग्जवर (ध्वनिमुद्रणांची नोंद आणि खरेदी-विक्रीची वेबसाइट) एकाच अल्बमच्या चार-पाच नोंदी दिसतात. विक्रेत्याच्या हातातली प्रत त्यातली नेमकी कुठली, हे पैसे देण्याआधी कसं कळावं? श्पॉन्गलचा १९९८ चा 'आर यू श्पॉन्गल्ड?' किंवा तसे सलग वाहणारे अल्बम एमपी३ करून ऐकले की गाण्यांच्या सांध्यावर खंड पडतो, तो कशामुळे? घर रत्नागिरीत आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि डिजिपॅकच्या (सीडीच्या पुठ्ठ्याच्या घडीच्या कव्हरच्या) पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, त्यावर उपाय काय? आणि रीमास्टर (आवाज नव्याने बसवून काढलेली आवृत्ती) उपलब्ध असताना मूळ प्रतीसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावेत का?

रनआउट

कव्हरवरून काहीच ठरवू नका. कॅटलॉग क्रमांक आणि बारकोड पुढच्या प्रेसिंगवरही (कारखान्यातल्या छपाईच्या फेरीवरही) बहुतेक वेळा तसेच ठेवतात. विक्रेत्याकडून चकाकत्या बाजूचा फोटो मागा: मधल्या भोकाभोवती आरशासारखी जी पट्टी असते तिचा, फ्लॅश बंद करून, दिवा तिरका धरून. त्या पट्टीवर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कारखान्याने कोरलेला ओळखक्रमांक, असतो. तो डिस्कॉग्जच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, मधल्या रेघा आणि रिकाम्या जागांसकट.

त्याच भागात 'आयएफपीआय' आणि त्यापुढे 'एल'ने सुरू होणारा संकेत दिसतो, तो मास्टरिंगचा (मूळ मास्टर कुठे बनला त्याचा). आतल्या पारदर्शक प्लॅस्टिकवर दुसरा असतो, तो साच्याचा. हे संकेत १९९४ मध्ये आले. त्यामुळे कव्हरवर १९९२ छापलं असेल आणि पट्टीवर आयएफपीआय असेल, तर ती प्रत नंतरची आहे. उलट अर्थ मात्र काढू नका. काही कारखान्यांनी हे संकेत उशिरा सुरू केले, त्यामुळे १९९५-९६ च्या अस्सल प्रतीवरही ते नसू शकतात.

चकाकती बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसली तर ती सीडी-आर (संगणकावर लिहिलेली सीडी) आहे, सोडून द्या. पण चंदेरी आहे म्हणजे अस्सल, असंही नाही. कारखान्यात छापलेल्या नकली प्रतीही आहेत. डिस्कॉग्ज त्यांना 'अनऑफिशियल' म्हणून दाखवतं आणि तिथे मॅट्रिक्स वेगळा आढळतो.

१९९३ च्या आधीचं अ‍ॅम्बियंट घेणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. पट्टीवर 'मेड इन यू.के. बाय पीडीओ' असेल तर छापील बाजूचाही फोटो मागा. ब्लॅकबर्नच्या या कारखान्यातल्या १९८८ ते १९९३ मधल्या बऱ्याच सीडी तांबूस पडतात. त्यांचा परावर्तक थर चांदीचा होता, आणि वरचं लॅकर (संरक्षक लेप) कव्हरच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. रंग कडेकडून आत सरकतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून आधी शेवटचं गाणं जातं. विक्रेता 'वाजवून पाहिली' म्हणाला तर शेवटचं गाणं शेवटपर्यंत वाजवलं का, तेवढं विचारा. एकदा रंग धरला की उलटवता येत नाही.

नादबिंदू

रनआउट यांच्या मुद्द्याला जोडून: या संगीतात वेगळं प्रेसिंग आणि वेगळं व्हर्जन यांची गल्लत फार होते. हणजूणच्या किनाऱ्यावर विनाइल उन्हाने वाकायचं, वाळूने खराब व्हायचं, म्हणून तिथे कॅसेट आणि पुढे डॅट (डिजिटल टेप) चालल्या. साध्या डॅट यंत्रावर दोन गाण्यांचे ठोके जुळवायची सोय नसते. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांब पट्टा ठेवायची रीत पडली, आणि डीजे एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर पसरून पुढे जायचे. मग तेच गाणं बारा इंची तबकडीवर, अल्बममध्ये आणि संकलनात वेगवेगळ्या लांबीचं येतं. नोंदीतला कालावधी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त हलला तर ते बहुधा दुसरं संपादन आहे. दोन्ही ठेवण्यासारखी असतात, फक्त एकाच नावाने साठवू नका.

आता सांध्यातला खंड. सीडीचा एक सेक्टर म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, त्यात ५८८ नमुने. गाण्याची हद्द नेहमी सेक्टरवर पडते. एमपी३ ची चौकट १,१५२ नमुन्यांची. हे गणित सहसा जुळत नाही, शिवाय एन्कोडर स्वतःचा विलंब जोडतो, म्हणून प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता दाबणारा फाइल प्रकार) हे होत नाही.

रिप करायला, म्हणजे सीडीची संगणकावर नक्कल करायला, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर: सिक्युअर मोड, ड्राइव्ह ऑडिओ कॅश करत असेल तर तो पर्याय चालू, सी२ (ड्राइव्हची स्वतःची त्रुटीची खूण) बंद. ड्राइव्हचा ऑफसेट (वाचनाची सुरुवात किती सरकते ते) अ‍ॅक्युरेटरिपवरून (इतरांच्या रिपशी तुलना करणारा डेटाबेस) आपोआप घ्या. गाण्यांमधला गॅप शोधून घ्या आणि आधीच्या गाण्याला जोडलेला ठेवा. मग 'टेस्ट अँड कॉपी'. दोन्ही वेळचे सीआरसी (फाइलची तपासणी संख्या) जुळले पाहिजेत. दुर्मीळ सीडी अ‍ॅक्युरेटरिपमध्ये सापडतेच असं नाही, तेव्हा तेवढाच आधार असतो. शिवाय तिथे 'कॉन्फिडन्स १' दिसलं तर ती तुमचीच आधी पाठवलेली नोंद असू शकते, दुसऱ्याची साक्ष समजू नका. काही सेक्टर खराब निघाले आणि अल्बम क्यूटूल्स या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये असला तर तिथल्या पॅरिटीवरून (दुरुस्तीसाठी साठवलेल्या जादा माहितीवरून) दुरुस्ती होते. लॉग (रिपचा अहवाल) आणि क्यू शीट (गाण्यांच्या हद्दींची यादी) फाइलींसोबतच ठेवा.

फ्लॅक करूनही सांध्यावर आवाज एकदम वर-खाली होत असेल तर प्लेअरमधलं रीप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) 'ट्रॅक'वर आहे. ते 'अल्बम'वर करा. रिप करताना नॉर्मलाइज कधीही चालू ठेवू नका.

उत्तररात्र

मूळ की रीमास्टर, याचं सरसकट उत्तर देणं मला पटत नाही. मोजून ठरवा. फूबार२००० या प्लेअरमध्ये डीआर मीटर (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मोजणारा) बसतो. जुन्या प्रतीचा आकडा १० च्या आसपास आणि नव्याचा ६ असेल, तर नव्यात ठोक्यांची शिखरं दाबून आवाज चढवलेला आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये लाट मोठी करून पाहा, शिखरं सपाट कापलेली दिसतील. ट्रान्समध्ये किक आणि बास यांच्यामधली फट हीच गाण्याची चाल असते. ती बुजली की हॅल्युसिनोजेनचा १९९५ चा 'ट्विस्टेड' किंवा प्लायडियन्सचा १९९७ चा 'आय.एफ.ओ.' थकवणारा वाटू लागतो. अशा वेळी मूळ प्रतीला जास्त पैसे द्यावेत, माझं मत स्पष्ट आहे.

दोन सावधगिऱ्या. विनाइलवरून केलेल्या रिपवर डीआर मीटर खोटा वाढीव आकडा देतो, म्हणून सीडीची तुलना सीडीशीच करा. आणि डाउनलोड विकत घेतलं असेल तर स्पेकमध्ये (आवाजाच्या कंपनसंख्यांचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली तर ते १२८ केबीपीएसच्या एमपी३ वरून फुगवलेलं आहे, २० च्या आसपास असेल तर ३२० चा संशय घ्या. अ‍ॅम्बियंटमध्ये मुळातच वरच्या पट्टीत फारसं काही नसतं. तिथे वरचा भाग रिकामा दिसतो म्हणून फाइल खोटी ठरत नाही. कड सरळ आहे की हळूहळू विरणारी, ते पाहा.

पुनर्मुद्रणांना नाक मुरडायचंही कारण नाही. कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्सचा 'हायड्रोपोनिक गार्डन' २००३ मध्ये उल्तिमेने सीडीवर काढला, विनाइलवर तो पुढे ब्लड म्युझिक या लेबलने आणला. विनाइलवर ऐकायचं तर तीच वाट. उल्तिमेच्या स्वतःच्या २४ बिट फाइली मिळत असतील तर ऐकण्यासाठी त्या घ्या, डिजिपॅक संग्रहासाठी. नव्या पिढीचा गोवा ट्रान्स हवा असेल तर बेल्जियमच्या सनट्रिप या लेबलपासून सुरू करा. खेत्झालचा 'कोरोल', २००५, आधी ऐका. आणि एक्टोप्लाझम या वेबसाइटवर शेकडो अल्बम कायदेशीर मोफत, फ्लॅकमध्ये आहेत. विकत घ्यायच्या यादीत नाव टाकण्याआधी तिथे शोधायची सवय लावा.

फ्रँकफर्टच्या पीट नामलूक यांच्या फॅक्स लेबलचं गणित वेगळं. सुरुवातीच्या बऱ्याच सीडी ५०० किंवा १,००० प्रतींच्याच निघाल्या. नामलूक २०१२ मध्ये गेले. तिथे चांगल्या अवस्थेतली प्रत परवडत असेल तर घासाघीस फार ताणू नका.

खाडीकाठ

फार उपयोगी. ओलीचं तेवढं राहिलं. सध्या सगळं लाकडी कपाटात आहे, कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून.

नादबिंदू

ते कपाट आधी हलवा. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट असतो. आतली भिंत निवडा आणि मागे चार बोटं फट ठेवा.

आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. रबरी कड असलेले झाकणाचे डबे घ्या. साधारण ३० लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल, कापडी पिशवीत, आणि आत छोटा आर्द्रतामापक. नारिंगी दाणे घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा चालतात. डबा भरायचा तो कोरड्या दिवशी. ओला पुठ्ठा आत बंद केला तर बुरशीला आयतं घर मिळतं.

पीव्हीसीची पाकिटं काढून टाका, त्यातलं प्लॅस्टिसायझर सुटून पृष्ठभागावर बसतं. पॉलिप्रॉपिलीनची घ्या. गुळगुळीत आर्ट पेपरची बुकलेटं दमटपणात एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाई उखडते, म्हणून पानांमध्ये बटर पेपर घाला.

धरलेली बुरशी घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, पुठ्ठा पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसली तर ती तंतूंत मुरते. सीडीला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग डिस्टिल्ड पाणी. पुसायचं ते मधून कडेकडे सरळ, गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा सलग डेटा खातो आणि त्रुटी भरून काढणं ड्राइव्हला जमत नाही. छापील बाजू जास्त जपा. डेटाचा थर तिथे फक्त लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली असतो.

रिपची सुरुवात डिजिपॅकमधल्या सीडींपासून करा, ज्वेल केसमधल्या एक पावसाळा थांबू शकतात. पीडीओच्या काही असतील तर त्या सगळ्यांच्या आधी, याच आठवड्यात.